ब्रेकवरचा पाय

१

दादाच्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची असली की घरात हाक मलाच येते. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेकचं पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं चाकापाशी उकिडवं बसून पान्यानं एक बारीक तोटी उघडायची. तिच्यातून बुडबुडे आणि जुनं ब्रेक ऑइल बाहेर पडलं की तोटी बंद, आणि मगच पेडल सोडायचं. तोटी उघडी असताना पाय उचलला की हवा परत आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून दादा खालून म्हणतो, "दाब." मी दाबते आणि म्हणते, "धरलंय." मग तो म्हणतो, "सोड." मध्ये बॉनेट उघडं असतं, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नाही.

वहिनीला या कामाला तो बोलवत नाही. तिला मध्येच फोन येतो आणि ती पाय उचलते. मी उचलत नाही. घरात माझं नाव दचकी आहे, कुकरची शिट्टी झाली तरी माझ्या हातातलं पुस्तक पडतं. पण धर म्हटलं की मी धरून ठेवते.

त्या दुपारी आम्ही पुढच्या चाकांच्या मोठ्या डिस्क बसवत होतो. दादाची गाडी दोन दारांची, बुटकी आणि नको तितकी पळणारी. महिन्यातून एखादा रविवार तो ती शर्यतीच्या ट्रॅकवर नेतो. मागच्या खेपेला लांब सरळ पट्टा संपून वळण येतं तिथे ती वळलीच नाही, थेट कडेच्या खडीत जाऊन रुतली. ब्रेक तापले आणि पेडल मऊ पडलं, असं त्यानं घरी येऊन सांगितलं. त्यानंतर दोन आठवडे त्याला नीट झोप नव्हती, आणि मग हे खोकं आलं. जेवणाच्या ताटाएवढ्या दोन डिस्क, त्यांवर भोकं आणि तिरक्या खाचा, आणि त्यांना धरणारे मुठीएवढे कॅलिपर. काढून ठेवलेल्या जुन्या डिस्क शेजारी बशीसारख्या दिसत होत्या. वहिनी दारातून डोकावून म्हणाली होती की थांबण्याची एवढी हौस असेल तर माणसानं निघूच नये.

हवा काढून होत आली होती. दादा म्हणाला, "दाब." मी पायाला जोर द्यायला घेतला, आणि माझ्या बुटाखालून पेडल आधीच खाली गेलं. जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा तसं झालं.

"धरलंस का गं?" दादानं विचारलं.

धरलेलं तर होतं. मी "धरलंय" म्हणाले.

२

पुढची चाकं काढलेली होती आणि गाडी स्टँडवर उचललेली होती. चाकांचे नट ठरावीक जोरानं आवळायचा पाना शेजारच्या गल्लीतल्या मित्राकडे होता, तो आणायला दादा गेला. जाताना मला सांगून गेला की नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो पुसून काढ. हातानं हळूहळू फिरव आणि फडक्यानं पूस.

आमचं गॅरेज घराला लागूनच आहे. वॉशिंग मशीन, कपडे वाळत घालायची घडीची घोडी, जुने टायर आणि मध्ये गाडी. गाडी दादा नेहमी उलटी आत घालतो, म्हणजे तोंड रस्त्याकडे आणि पाठ मागच्या पांढऱ्या भिंतीला. शटर अर्धं वर होतं. बाहेर लख्ख ऊन आणि आत पायाखाली गार फरशी.

मी डिस्क पुसत होते. ती फिरताना एक अगदी हलका, कागद घासल्यासारखा आवाज येतो. तो मला आवडायला लागला होता. आणि तेवढ्यात डिस्क थांबली.

अडली असती तर कळलं असतं, अडलेली वस्तू थोडी तरी डगडगते. ही धरली गेली होती. मी दोन्ही हातांनी जोर लावला, ती तसूभरही हलली नाही. कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिकटून बसलेले दिसत होते. मी मान वर केली, आणि गाडीच्या पलीकडे मागची भिंत लाल झाली होती.

ब्रेकचे दिवे. किल्ली दादाच्या खिशात, पण हे दिवे किल्लीवर नसतातच. ते पेडलवर असतात. पेडल दाबलं की लागतात.

ओरडावंसं वाटलं, पण कुणाला हाक मारायची ते कळेना. मी उकिडवी होते, दाराची काच माझ्या डोक्याच्या वर होती. उठून उभं राहिलं असतं तर सीट दिसली असती. मी उठले नाही. भिंत बराच वेळ लाल राहिली. मग विझली, आणि माझ्या हाताखाली डिस्क सुटून अर्धा फेरा फिरली.

३

संध्याकाळी चहा घेताना मी सांगितलं. सांगताना गोष्ट किती लहान होऊन जाते ते मला तेव्हा कळलं.

दादानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्याच्याकडे उत्तर होतं. दिवे पेडलच्या वरच्या एका बटणामुळे लागतात. काम करताना ते सरकलं असणार. आणि डिस्क अडते ती कॅलिपर नवे असल्यामुळे. आतली रबरं अजून कडक आहेत, ती पॅडला पूर्ण मागे येऊ देत नाहीत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तू त्या एकत्र शिवल्यास, असं तो म्हणाला.

"एकाच वेळी लागलं आणि एकाच वेळी सुटलं," मी म्हणाले.

"तू घड्याळ लावलं होतंस का?"

वहिनीनं त्याला गप्प केलं, पण हसू तिलाही आवरत नव्हतं. मागे एकदा न्हाणीघरात माझ्याच गाऊनला बघून मी किंचाळले होते, तो किस्सा तिनं पुन्हा सांगितला. मीही हसले. खरं तर मला दादाचं उत्तर हवंच होतं. मी शास्त्र शाखेची पदवीधर आहे, दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून त्यांचं कारण एकच असतं असं नाही, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

दादानं जाऊन बटण घट्ट केलं. रविवारी ट्रॅकवर जायचं ठरलेलंच होतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी वळणाआधी अंतराच्या पाट्या लावलेल्या असतात. पूर्वी तो पहिल्या पाटीला ब्रेक मारायचा, आता शेवटच्या पाटीपर्यंत मारणार नाही, असं त्यानं जेवताना सांगितलं. वहिनी ताटात वाढता वाढता थांबली. मग पुन्हा वाढू लागली.

तिच्या त्या थांबण्यामुळेच मी हा विषय सोडला नाही. ब्रेक स्वतःच्या मर्जीनं लागत असतील, तर स्वतःच्या मर्जीनं लागणारही नाहीत. आणि ते त्या शेवटच्या पाटीपाशी कळून काय उपयोग?

४

शुक्रवारी सकाळी मी मशीनमधले कपडे काढायला गॅरेजमध्ये गेले. चाकं आता बसवलेली होती, गाडी जमिनीवर होती. मी दोन चादरी बाहेर ओढल्या आणि मागून आवाज आला. कुणी तोंड मिटून नाकानं श्वास सोडावा तसा. मग पेडल वर आल्याचा बारीक टक. पुन्हा श्वास, पुन्हा टक. मग तिसऱ्यांदा, पण श्वास आला नाही, नुसताच टक.

हा आवाज मला माहीत होता. ब्रेकला मदत करणारा एक मोठा चपटा डबा बॉनेटखाली असतो. त्यातली हवा इंजिन ओढून घेतं, आणि त्या पोकळीमुळे पेडल मऊ लागतं. इंजिन बंद केल्यावरही ती पोकळी दोन-तीन वेळा दाबण्यापुरती उरते. ती संपली की श्वासाचा आवाज थांबतो आणि पेडल दगडासारखं होतं. दादानंच मला शिकवलं होतं.

म्हणजे तपासता येण्यासारखं होतं. मनाला म्हटलं, भिऊ नकोस, हा प्रयोग आहे. चादरी मशीनवर ठेवल्या, गाडीपाशी गेले, दार उघडलं. आत कुणी नव्हतं. सीट, स्टिअरिंग, पायाखालची रबरी चटई, सगळं जागच्या जागी. मी आत बसले नाही. बाहेरूनच वाकून हातानं पेडल दाबून पाहिलं.

दगड.

आदल्या संध्याकाळी दादा गाडी गल्लीतून फिरवून आला होता, त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. पहिलं दाबणं मऊच लागायला हवं होतं. माझ्याआधी कुणीतरी ती पोकळी संपवली होती.

आणि पेडलचं रबर कोमट होतं. गॅरेजमध्ये ऊन येत नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, डब्याच्या नळीतली झडप गळत असेल, रात्रभरात हवा आत गेली असेल. बरं झालं सांगितलंस, बघतो. रबराचं मी बोलले नाही. त्यावरही त्याच्याकडे उत्तर असतं, आणि मला त्याच्या उत्तरांचीच भीती वाटू लागली होती. प्रत्येक उत्तर बरोबर होतं. फक्त ती फार झाली होती.

५

नव्या डिस्क आणि नवे पॅड एकमेकांना रुळवावे लागतात. त्याची रीत अशी: मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, करकचून ब्रेक मारायचा, गाडी माणसाच्या चालीवर आली की ब्रेक सोडायचा आणि पुन्हा वेग. असं आठ-दहा वेळा. पण मध्ये कुठेही गाडी पूर्ण थांबू द्यायची नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला तर त्याचा ठसा उमटतो, आणि मग ब्रेक कायमचा थरथरतो.

शनिवारी सकाळी दादा त्यासाठी निघाला. मीही येते म्हटलं. त्यानं भुवया उंचावल्या, पण नाही म्हणाला नाही. वहिनीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याच्याकडे जरा लक्ष ठेव, खडीत गेल्यापासून तो मधूनच कुठेतरी हरवतो.

गोदामांच्या मागे एक सरळ, रुंद रस्ता आहे. सुट्टी असल्यामुळे सगळी फाटकं बंद होती. पहिल्या वेळी दादा म्हणाला, "आता," आणि सीटच्या पट्ट्यानं माझी छाती आवळली. नाक खाली, मान पुढे, आणि बरोबर चालीच्या वेगावर आल्यावर सुटका. मग पुन्हा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत मला बरंसुद्धा वाटायला लागलं. तापलेल्या लोखंडाचा वास आत येऊ लागला. दादा म्हणाला, असाच यायला हवा.

मग माझ्या लक्षात आलं की तो आता "आता" म्हणत नाहीये.

मी खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता, असं आधी वाटलं. पेडल खाली चाललं होतं आणि बूट त्याच्या मागून चालला होता. दोहोंच्या मध्ये फट होती. बोटभर. खिडकीतलं ऊन तिथून आरपार दिसत होतं.

पेडलचं काळं रबर एका बाजूनं खोलगट झालं होतं. ओळीनं पाच खळगे, पहिला मोठा आणि मग लहान होत गेलेले. गाडी चालीच्या वेगावर आली, आणि एकेक करून खळगे भरले.

दादानं गिअर बदलला, वेग घेतला. त्याच वेळी पुढे, आम्ही बंद धरलेल्या एका फाटकातून मालट्रकचं तोंड बाहेर आलं. सावकाश, बेफिकीर, रस्ता अडवत.

मी दादाचा पाय पाहत होते. तो ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला आणि तिथेच राहिला. मधल्या मध्ये, हवेत, थरथरत. ब्रेकवर पडेचना. मी "दादा, दादा" म्हणत होते, की नुसतंच वाटत होतं म्हणते आहे, ते माहीत नाही. मग त्या थरथरणाऱ्या बुटाच्या बाजूनं पेडल खाली गेलं.

ट्रकवाल्यानं शिवी दिली. आम्ही त्याच्या बंपरच्या हातभर अलीकडून, चालीच्या वेगानं, वळसा घालून पुढे गेलो. गाडी थांबली नव्हती. जे कुणी ब्रेक मारत होतं, त्याला तोही नियम माहीत होता.

६

ब्रेक गार करायला बरंच अंतर हळू चालवून त्यानं एका झाडाखाली गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. तापलेल्या धातूचे टिकटिक आवाज येत होते.

"पाहिलंस ना," तो म्हणाला.

मी मान हलवली. दादाला पटवायचं म्हणून मी आले होते, आणि तो आधीच तिथे पोचून माझी वाट बघत बसला होता.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

पहिल्याच संध्याकाळपासून, तो म्हणाला. गल्लीतून फिरवून आणताना वळणावर त्याच्या आधी ब्रेक लागला होता. आधी तोही घाबरला. मग त्याच्या ध्यानात आलं की त्यानं स्वतः मारला असता त्यापेक्षा तो चांगला लागला होता.

मग त्यानं मला ते सांगितलं जे वहिनीलाही सांगितलं नव्हतं. ट्रॅकवर त्या दिवशी ब्रेक मऊ पडले नव्हते. ब्रेक ठीक होते. पाटी आली, पाय उचलला, आणि पाय पुढे गेलाच नाही. लाकूड झाला. दुसरी पाटी गेली, तिसरी गेली, आणि तो नुसता बघत राहिला.

"मग एवढ्या मोठ्या डिस्क कशाला आणल्यास?"

"लोकांना काय सांगणार? माझा पाय नवा बसवा म्हणून?" तो हसला. मला त्याचं हसू आवडलं नाही, त्यात सुटल्याचा भाव होता. "आता बसलाय बघ."

मी खूप बोलले. रडले असेन. जे आपलं नाही त्याच्यावर जीव कसा टाकतोस, उद्या त्यानं पाय नाही टेकवला तर, वहिनीचा तरी विचार कर. तो ऐकत होता. मध्येच त्याचा हात डॅशबोर्डवरून फिरला, जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"आत्ता त्यानं आपल्याला वाचवलं," तो म्हणाला. "मी नाही वाचवलं. तू पाहिलंयस."

घरी परततानाही त्याचे दोन्ही पाय सिग्नलपाशी मागे, सीटला टेकलेले होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

७

रविवारी छान ऊन पडलं होतं. मी वहिनीला काहीच सांगितलं नव्हतं. काय सांगायचं तेच सापडलं नव्हतं. शेवटी ठरवलं की तो निघायच्या आधी तिच्यादेखत बोलायचं, हसली तर हसू दे.

गाडी शटरच्या बाहेर, फाटकाकडे तोंड करून उभी होती. हँडब्रेक ओढलेला, गिअर काढलेला, इंजिन गरम व्हावं म्हणून सुरू ठेवलेलं. दादा मागच्या चाकापाशी वाकून टायरची हवा मोजत होता. त्याचं हेल्मेट शेजारच्या सीटवर होतं. वहिनी पाण्याची बाटली घेऊन बॉनेटसमोरून येत होती आणि मागे बघून मला सांगत होती की याला जेवायला वेळेवर यायला सांग, नाहीतर ताट मांजराला.

मी म्हणाले, "वहिनी, एक मिनिट थांब."

ती थांबली, बॉनेटच्या अगदी समोर.

इंजिनाचा आवाज वाढला.

फार नाही. थोडासा चढला, आणि उतरला. दादा टायरपाशी बसलेला मला दिसत होता. पुन्हा चढला, आता जास्त, आणि तिथेच टिकून राहिला, आणि सावकाश उतरला. नवी चप्पल घातल्यावर माणूस दोन पावलं टाकून बघतो, तसं काहीतरी होतं ते.

ब्रेकचा आम्ही एवढा विचार केला होता. गाडीत त्याच्या शेजारी दुसरं पेडल असतं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दादा उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो सुटल्याचा भाव मावळताना मी पाहिला. त्यानं वहिनीकडे पाहिलं, मग बॉनेटकडे, आणि अगदी साध्या आवाजात मला म्हणाला, "तिला बाजूला घे."

मी तिचा दंड धरून तिला ओढलं. बाटली पडली. तिनं रागानं विचारलं, काय चाललंय तुम्हा भावाबहिणींचं. मी तिला घराच्या पायरीवर ओढून नेलं आणि धरून उभी राहिले. इंजिन पुन्हा चढत होतं.

दादानं दार उघडलं नाही. उघड्या खिडकीतून कमरेपर्यंत आत वाकला, हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. पाखरांचे आवाज एकदम ऐकू यायला लागले.

तो तसाच वाकून राहिला. डोकं खाली, पेडलच्या बाजूला वळलेलं. मी हाक मारली, त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्यांदा मारली.

"दादा, काय आहे?"

तो बोलला ते मला जेमतेम ऐकू आलं.

"एकच पाय नाहीये गं," तो म्हणाला. "दोन्ही आहेत."

मग त्यानं, आत झोपलेल्या कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं, किल्ली उपसली आणि हळूहळू आपला हात बाहेर काढून घेतला.